पंच उठला आणि पळू लागला

मराठीत न्याय बसतो. पंचायत बसते, मजलस बसते, चार जाणती माणसे एका जागी मांडी घालून बसतात आणि दोन्ही बाजूंचे ऐकून घेतात. 'पाचामुखी परमेश्वर' ही म्हण पाच तोंडांवर भरवसा ठेवते. त्या पाचांच्या पायांशी तिला काही देणेघेणे नाही. बिदर आणि कलबुर्गी हा अशा बैठकींचा जुना मुलूख आहे. बहमनी सुलतानांची राजधानी आधी गुलबर्ग्याला, म्हणजे आजच्या कलबुर्गीला होती, १५व्या शतकात ती बिदरला गेली. पुढे बरीदशाही, आदिलशाही, मोगल, निजाम अशी राज्ये बदलली, पण वतनाचा, शिवेचा किंवा मानपानाचा तंटा उभा राहिला की दख्खनभर त्याचा निवाडा गोतसभेत आणि मजलशीतच होत राहिला. त्या निवाड्याचा कागद म्हणजे महजर. 'हाजिर मजालसी' म्हणून त्यात हजर असलेल्यांची नावे यायची: काजी, देशमुख, देशपांडे, पाटील, कुलकर्णी, शेटे-महाजन, बलुतेदार. आपापल्या नावापाशी निशाणी काढायची, पाटलाने नांगर, शेट्याने तराजू. कोण हजर होते याला या कागदात मोठे वजन आहे. हजर असणे म्हणजे येऊन बसणे, शेवटपर्यंत बसून राहणे आणि ऐकणे.

या जुन्या न्यायात शरीराची परीक्षा नव्हती असे नाही. पुरावा कमी पडला, साक्षी फिरल्या, की दिव्य करायची वेळ येई. रवादिव्यात उकळत्या तेला-तुपातून धातूचा तुकडा हाताने काढायचा, हात बांधून ठेवायचा आणि काही दिवसांनी तो भाजला आहे की नाही हे पंचांनी पाहायचे. हात पोळायचा तो वादीचा किंवा प्रतिवादीचा. निवाडा करणाऱ्याचे अंग त्या सगळ्या प्रकरणात थंड राही, आणि ते तसे असावे हाच न्यायाचा संकेत होता. फुटबॉलच्या रेफरीला आपण मराठीत पंचच म्हणतो, पण इथे दिव्य उलटे झाले आहे: तंटा बाकीच्यांचा आणि अंग तापते पंचाचे. माझे म्हणणे असे की रेफरीचे हे पळणे खेळाबरोबर जन्मलेले नाही, इतिहासाने ती वेठ त्याच्यावर टप्प्याटप्प्याने घातली. आणि ती घातल्यानंतर त्याचा निर्णय त्याच्या पायांपासून वेगळा काढता येत नाही. आपण मात्र अजूनही त्याला बसलेल्या पंचाच्या मापाने मोजतो.

बसलेला पंच आणि पळणारा पंच यांच्या मधला एक माणूस या भागाला चांगला ठाऊक आहे, तो म्हणजे कुस्तीच्या फडातला पंच. जत्रेत, उरुसात कुस्त्या लागतात तेव्हा तो हौद्यात उतरतो. जोडीपासून हातभर अंतरावर राहतो, डाव बसला की गुडघ्यात वाकतो, दोन्ही खांदे मातीला लागले का हे पाहायला कधी तळहात टेकून थेट जमिनीलगत नजर नेतो. त्याला शरीर वापरावे लागते, पण तंटा त्याच्या डोळ्यांसमोरून पळून जात नाही. जोडी हौद्यातच आहे. दमली तर तीही थांबते आणि त्याच्यासकट सगळ्यांना श्वास मिळतो. कबड्डीचे मैदान पुरुषांसाठी १३ मीटर लांब आणि १० मीटर रुंद, म्हणजे तिथेही पंच दोन-चार पावलांत हव्या त्या जागी पोचतो. आपल्या मातीतल्या खेळांनी पंचाला उभे केले, वाकवले, बाजूबाजूने सरकायला लावले; त्याला दम लागेपर्यंत पळवले नाही. म्हणून प्रेक्षकांच्या मनातला पंच हा नेहमी घटनेच्या जवळच असलेला पंच आहे. 'समोर होतास, दिसले कसे नाही?' हा सवाल हौद्यात रास्त ठरतो. शंभर मीटरच्या मैदानावर तोच सवाल विचारताना मधले अंतर कोणी कापले, किती वेळात कापले, हे विचारात घ्यावे लागते.

इंग्लंडातही सुरुवात बसल्या-उभ्या पंचानेच झाली. १८६३ साली फुटबॉल असोसिएशनने नियम लिहिले तेव्हा त्यात रेफरीचे नाव नव्हते. खेळणारे सभ्य गृहस्थ, त्यांनी आपापसात मिटवून घ्यावे अशी समजूत. मग प्रत्येक संघाचा एक असे दोन अंपायर आले. खेळाडूंनी दाद मागायची आणि अंपायरने सांगायचे, ही रीत क्रिकेटसारखीच. दोन अंपायरांचे जमेना तेव्हा १८८१च्या सुमारास तिसरा माणूस नेमला गेला. तो मैदानाबाहेर राहायचा आणि दोघांनी त्याच्याकडे वाद नेला की निकाल द्यायचा. रेफरी या शब्दाचा मूळ अर्थच तो आहे, ज्याच्याकडे वाद सोपवायचा तो. आपल्या मजलशीतल्या एखाद्या मुरब्बी माणसाला ती जागा ओळखीची वाटली असती. १८९१ साली ही रचना उलटली. अंपायर कडेला जाऊन लाईनमन झाले आणि बाहेरचा माणूस आत आला. त्याच वर्षी पेनल्टी किक नियमात आली, म्हणजे आत आल्या आल्या सर्वांत जड शिक्षाही त्याच्या हातात पडली. पुढच्या काही वर्षांत दाद मागण्याची अटही गेली. आता कोणी ओरडो वा न ओरडो, बघायचे त्याने आणि ठरवायचेही त्यानेच. हा बदल कागदावर अधिकाराचा होता, पण अधिकाराबरोबर शरीरावर जे ओझे आले त्याची नियमात नोंद झाली नाही. वाद त्याच्याकडे यायचा तोवर पायांची गरज नव्हती. वादाकडे त्याने जायचे ठरले त्या दिवसापासून तो पळतो आहे.

शिट्टीचेही तसेच. बर्मिंगहॅमच्या जोसेफ हडसनने १८८४ साली आत गोळी फिरणारी शिट्टी बनवली. शिट्टी येण्याआधी रुमाल हलवून खुणा करत. रुमालाला दम लागत नाही. शिट्टीला छातीतली हवा लागते, आणि ती नेमकी धावून आल्या क्षणी, जेव्हा छातीत हवा नसते तेव्हा लागते. बिदरसारख्या ठिकाणी, जिथे एकाच मैदानावर कन्नड, दखनी आणि मराठी अशा तिन्ही भाषांत हाका चालू असतात, तिथे ही शिट्टी चौथी भाषा आहे आणि ती सगळ्यांना कळते. पण तिचा आवाज दबका निघाला, अर्धवट तुटला, तर बावीसही खेळाडूंना त्यात डळमळ ऐकू येते. निर्णय ठाम असूनही फुंकर कमजोर, एवढ्यावर वाद पेटतो. पंचाची अब्रू त्याच्या फुप्फुसाच्या हवाली आहे, हे एवढे एक उदाहरण पुरेसे व्हावे.

एकदा आत आल्यावर त्याने पळायचे कुठून कुठे, हा प्रश्न चाळीसेक वर्षे ज्याच्या त्याच्या अकलेवर होता. त्याला शिस्त लावली स्टॅन्ली राऊस यांनी. १९३४च्या एफए कप अंतिम सामन्याचे ते रेफरी, पुढे १९६१ ते १९७४ फिफाचे अध्यक्ष. रेफरीने मैदानाच्या एका कोपऱ्याकडून समोरच्या कोपऱ्याकडे, तिरक्या रेषेच्या आधाराने फिरावे आणि उरलेल्या दोन बाजू दोन लाईनमननी धराव्यात, म्हणजे चेंडू नेहमी दोघांच्या नजरेमध्ये राहतो, ही त्यांची पद्धत जगभर रूढ झाली. १०५ बाय ६८ मीटरच्या मैदानाचा कर्ण सव्वाशे मीटरचा भरतो. या आखणीने मेहनत वाचली. पण खेळाने ती बचत खाऊन टाकली. १९२५ साली ऑफसाईडचा नियम आधीच सैल झाला होता, तीन विरोधकांऐवजी दोन पुरे झाले, त्यामुळे पुढचे खेळाडू मोकळे सुटले. १९९२ पासून सहकाऱ्याने मुद्दाम पायाने मागे दिलेला चेंडू गोलरक्षकाला हातात घेता येईना. वेळकाढूपणाचा एक मोठा विसावा गेला. हे सगळे बदल प्रेक्षकांच्या आणि खेळाच्या भल्याचे होते. प्रत्येक वेळी त्याची किंमत मात्र मधल्या माणसाच्या पोटऱ्यांनी भरली.

आपल्याकडे या इतिहासाचा पहिला अर्धा भाग जवळजवळ आलाच नाही. गोऱ्या पलटणींनी फुटबॉल आणले, १८८८ साली सिमल्यात ड्युरँड कप सुरू झाला आणि १८९१ साली मुंबईत रोव्हर्स कप. म्हणजे ज्या वर्षी इंग्लंडात रेफरी आत शिरला, त्याच वर्षी पश्चिम हिंदुस्थानातली ही स्पर्धा उभी राहिली. बाहेर थांबून निकाल देणारा रेफरी इथल्या लोकांना फारसा पाहायला मिळाला नाही, तो उठला कधी हेही दिसले नाही. आयता पळणारा माणूस समोर आला आणि त्याला आपण जुन्याच बैठकीतले नाव देऊन टाकले. बिदर-गुलबर्ग्यापुरते बोलायचे तर हे दोन्ही जिल्हे १९५६ पर्यंत हैदराबाद संस्थानात आणि मग हैदराबाद राज्यात होते, आणि सिकंदराबादच्या छावणीमुळे हैदराबाद हे देशातल्या फुटबॉलचे एक मोठे ठाणे झाले होते. सय्यद अब्दुल रहीम हे पेशाने शिक्षक. त्यांच्या हाताखाली हैदराबाद सिटी पोलिसांच्या संघाने १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे रोव्हर्स कप जिंकला. अंगात रग असलेल्या धसमुसळ्या खेळापेक्षा चेंडू झटपट एकाकडून दुसऱ्याकडे फिरवण्यावर रहीम यांचा भर होता. चेंडू पायात घोळवणाऱ्या खेळाडूमागे रेफरी रमतगमत जाऊ शकतो. तीन स्पर्शांत पन्नास मीटर पार करणाऱ्या संघामागे त्याला जीव तोडून पळावे लागते. या भागाच्या राजधानीतच खेळ वेगवान झाला, तो असा. १ नोव्हेंबर १९५६ रोजी ते राज्य मोडले, बिदरचे उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके मुंबई राज्यात गेले आणि भालकी, औराद, हुमनाबाद, कल्याण, तसाच गुलबर्गा म्हैसूर राज्यात आला. बरोबर महिन्याने, १ डिसेंबरला, रहीम यांच्या भारतीय संघाने मेलबर्न ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाला ४–२ हरवले. ज्या राज्याने तो गुरू दिला ते राज्य तेव्हा नकाशावर उरले नव्हते. बिदरहून हैदराबाद दीडशे किलोमीटरच्या आत. बंगळूर त्याच्या चौपटीहून लांब. खेळाच्या संघटना राज्यवार असल्याने रेफरीची परीक्षा, वर्ग, बढती यांचे तोंडही त्या लांबच्या शहराकडे वळले. सीमेवरच्या होतकरू रेफरीचे पळणे असे मैदानाबाहेरच सुरू होते.

आता हे पळणे किती, याचा हिशेब. क्रुस्ट्रप आणि बँग्सबो या डॅनिश संशोधकांनी २००१ साली वरच्या दर्जाच्या रेफरींची मोजणी प्रसिद्ध केली. एका सामन्यात सरासरी १० किलोमीटर, आणि हृदयाचे ठोके कमाल मर्यादेच्या ८५ टक्क्यांच्या आसपास. यातले १० किलोमीटर फसवे आहेत. सकाळी रमत धावणारा माणूसही तेवढे धावतो. रेफरीचे धावणे दर चार-पाच सेकंदांनी मोडते: चाल, संथ धाव, एकदम सुसाट, थांबा, मागे मागे, बाजूला, परत सुसाट. यातले मागे पळणे सर्वांत वाईट, कारण नजर खेळावर आणि पाठीमागे काय आहे ते ठाऊक नाही. दुसऱ्या अर्ध्या डावात त्याची वेगवान धाव कमी होते, हेही त्याच मोजणीत दिसले. याचा निर्णयाशी संबंध काय, असे कोणी विचारील. २००९च्या कॉन्फेडरेशन्स कपमधल्या ३८० प्रसंगांचा अभ्यास स्पेनच्या संशोधकांनी केला. रेफरींचे १४ टक्के निर्णय चुकले होते. शेवटच्या १५ मिनिटांत मात्र हे प्रमाण २३ टक्क्यांवर गेले. हे जगातले निवडक रेफरी, त्यांच्या दिमतीला प्रशिक्षक, मालिश करणारे, आहार ठरवणारे. त्यांचीही चूक शेवटच्या पावतासात इतकी वाढत असेल, तर दम आणि न्याय यांचे नाते नाकारता येत नाही. सामन्याचा निकाल पुष्कळदा ज्या पावतासात लागतो, तोच पंचाचा सर्वांत कमजोर काळ असतो.

त्यात आमची जमीन आणि आमचे ऊन. कलबुर्गीला मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर जातो, आणि तिथली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पहिल्या पावसात बुटाला किलो-किलोने चिकटते. भेगेत घोटा मुरगळतो, चिखलात प्रत्येक पाऊल उपसून काढावे लागते. बिदर पठारावर, थोडे थंड. पण तिथला जांभा आणि त्यावरचा लाल मुरूम इतका कठीण की तोच दगड कोरून किल्ल्याचा तिहेरी खंदक काढला आहे. त्या मुरुमावर दीड तास पळणाऱ्याच्या गुडघ्याला आणि नडगीला प्रत्येक पावलाचा हिशेब लागतो. खेळाडूला तहान लागली तर चेंडू बाहेर गेल्यावर तो कडेला जाऊन दोन घोट घेतो. रेफरी मधोमध, कडेला जायची त्याला सवड नाही. २०१४च्या विश्वचषकात उष्णता आणि दमटपणा मिळून काढलेला निर्देशांक ३२ अंशांवर गेला तर पाण्यासाठी खेळ थांबवायची सोय झाली, आणि फोर्टालेझाच्या नेदरलँड्स–मेक्सिको सामन्यात ती अमलात आली. तालुक्याच्या मैदानावर असा विसावा द्यायचा अधिकार रेफरीलाच असतो, पण तो स्वतःसाठी घेतोय असे दिसेल म्हणून तो द्यायला कचरतो. शालेय स्पर्धांत तर एकाच दिवशी तीन-चार सामने उरकायचे असतात. मुले बदलतात, शिट्टी तीच.

यावर पहिला आक्षेप ठरलेला: खेळाडूही तेवढेच पळतात, वर लाथा खातात, उड्या मारतात, पंचाचे एवढे कौतुक कशाला? खेळाडूचे कष्ट मला कमी लेखायचे नाहीत. पण खेळाडू थकला की बदलता येतो, आता तर एका सामन्यात पाच जण बदलता येतात. शिवाय थकलेला खेळाडू चुकला तर चेंडू जातो. थकलेला पंच चुकला तर न्याय जातो. आणि वयाचा फरक मोठा आहे. खेळाडू विशी-पंचविशीतला. रेफरीला नजर, संयम, माणसे ओळखण्याची कला यायला वर्षे लागतात, म्हणून तो बहुधा तिशी-चाळिशीतला. फिफाने आंतरराष्ट्रीय रेफरीसाठी पंचेचाळिशीची मर्यादा अनेक वर्षे पाळली. अक्कल पिकते तेव्हा गुडघे उतरणीला लागतात, आणि या धंद्याला दोन्ही एकाच वेळी हवे आहेत. बसलेल्या पंचाला पिकलेले केस शोभत, उपयोगीही पडत. इथे त्याच केसांच्या माणसाला ४० मीटरच्या सहा सुसाट धावा ठरावीक सेकंदांत काढून, वर ७५ मीटर पळणे आणि २५ मीटर चालणे असे चाळीस वेळा करून दाखवावे लागते, तेव्हा कुठे त्याच्या शहाणपणाला मैदानावर प्रवेश मिळतो.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. पळण्याने काय होते, चांगला पंच जागा हेरून उभा राहतो. जवळ जाऊन जास्त दिसते असे थोडेच आहे? हे खरे आहे, आणि वर सांगितलेल्या स्पॅनिश अभ्यासानेच ते दाखवले: मैदानाच्या मधल्या भागात सर्वांत कमी चुका ११ ते १५ मीटर अंतरावरून झाल्या, अगदी अंगाला खेटून नव्हे. पण ते ११ ते १५ मीटर टिकवायचे तर चेंडू ज्या वेगाने सरकतो त्याच वेगाने स्वतःला सरकवत राहावे लागते. जागा हेरणे हे डोक्याचे काम, तिथे वेळेवर पोचणे पायांचे. अनुभवी पंच कमी पळतो हे मान्य. तो अनुभव मिळवायला आधी किती वर्षे पळाला, तेही धरा. कॅमेऱ्याची मदत २०१८ पासून नियमांत आहे, दोन रेफरींचा प्रयोग इटलीने १९९९-२००० च्या कप स्पर्धेत करून पाहिला आणि पुढे नेला नाही. हे उपाय मोठ्या पैशाच्या खेळाचे आहेत. भालकी किंवा आळंदच्या शाळेच्या मैदानावर कॅमेरा येणार नाही. तिथे पुष्कळदा दोन लाईनमनही धड नसतात, बदली खेळाडूंपैकी कोणाच्या तरी हातात झेंडा दिलेला असतो. राऊस यांची तिरकी रेषा दोन भरवशाच्या लाईनमनवर टेकलेली आहे. ते काढून घेतले की रेफरीला कर्णही धरायचा आणि दोन्ही कडाही.

या दोन जिल्ह्यांत फुटबॉल असे किती खेळले जाते, असाही प्रश्न येईल. क्रिकेट, कबड्डी, कुस्ती यांच्यापुढे ते मागेच आहे, हे कबूल. पण ज्या कोल्हापुरात ते घराघरांत आहे, जिथे कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन १९४० पासून आणि शाहू स्टेडियम १९६० पासून उभे आहे, तिथेही संघांची नावे पाहा: पाटाकडील तालीम मंडळ, बालगोपाल तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ. कुस्तीच्या आखाड्यांच्या पोटी जन्मलेले हे फुटबॉल. खेळाडूही तालमीचा, प्रेक्षकही तालमीचा, आणि पंचाकडून अपेक्षाही हौद्यातलीच: हातभर अंतरावरून दोन्ही खांदे पाहिल्यासारखी खात्री. फुटबॉल जिथे रुजले तिथेही जुने माप बदलले नाही, तर जिथे ते अजून रुजायचे आहे तिथे सुरुवातीपासूनच नीट माप लावण्याची संधी आहे. त्याला फार पैसा लागत नाही. एका रेफरीला दिवसाला दोनच सामने. उन्हाळ्यात प्रत्येक अर्ध्या डावाच्या मधोमध पाणी, आणि ते थांबणे आधीच जाहीर केलेले, म्हणजे खेळ थांबवण्याचा संकोच नको. दर सामन्याला शिकवून तयार केलेले दोन लाईनमन. गोलरक्षकांच्या डोळ्यांवर ऊन येऊ नये म्हणून मैदान दक्षिणोत्तर आखतात हे सर्वांना माहीत असते. पण मग पूर्वेकडच्या कडेचा लाईनमन संध्याकाळी साडेपाचला थेट मावळत्या सूर्याकडे तोंड करून उभा असतो. ऑफसाईडची रेषा धरायला तो झेंड्याचा हात खाली ठेवून दुसऱ्या हाताने कपाळावर आडोसा करतो, आणि त्याच वेळी मधला पंच वाऱ्यासारखा सुटलेल्या चेंडूमागे सत्तरावे मिनिट पळत असतो.